डी ड्राइव्हवरचं नाव

आई, आज तुझी डिस्क पुसायची आहे. सकाळपासून ती माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर एका जुन्या कॉम्प्युटरला जोडून ठेवली आहे आणि तिची तपासणी चालली आहे. पडद्यावर बारीक बारीक चौकोन एकेक करून भरत जातात. त्यांच्याकडे बघत बसलं की जीव खालीवर होतो, म्हणून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहीत बसले आहे. तेही धड होत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, पंखा वाढवते, पाणी पिते, पुन्हा येऊन चौकोन बघते. मध्येच एमआयडीसीतून फोन येतो, "मॅडम, झालं का?" होतंय, म्हणते. "जल्दी करा मॅडम, बाया बसून हायेत हितं." बाया बसून आहेत हे मला कळतं. काम सुरू झालं नाही तर त्यांचा रोज बुडणार हेही कळतं. पण मला आधी तुला विचारायचं होतं, आणि तुला विचारायची सोय नाही. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांनी तुला पाहिलेलंसुद्धा नाही. बाबा मात्र आहेत. आत्ता बाहेर पायरीजवळ खुर्ची टाकून बसलेत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हात करतायत. या डिस्कवर त्यांचं नाव आहे, तू लिहिलेलं, आणि ते त्यांना माहीत नाही. पुसायच्या आधी त्यांना सांगू की नको, एवढाच प्रश्न आहे, आणि सकाळपासून तो सुटत नाही.

झालं असं, की काल एका बियाणं कंपनीचा मॅनेजर आला. तुझी कंपनी नव्हे, ती केव्हाच बंद पडली, आणि तिच्या भंगारातूनच तुझी डिस्क माझ्याकडे आली. यांच्याकडे बियाणं तोलून पिशव्या भरायचं एक जुनं मशीन आहे, आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटरही तितकाच जुना. त्याची डिस्क बसली. मशीन बनवणारे आता कुणाला सापडत नाहीत, आणि मशीनला जोडणारं सर्किट त्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कशातच बसत नाही. म्हणजे कॉम्प्युटर बदलता येत नाही, फक्त डिस्क बदलायची. आणि आजकालची डिस्क त्याला लावली की तो सुरूच होत नाही, तोंड मिटून बसतो. तुझ्या वेळच्या मशिनांना मोजायला जेवढे आकडे दिले होते तेवढेच त्यांना येतात. त्याच्या पलीकडचं काही समोर आलं की ती गांगरतात. डिस्कसारखं चालणारं एक छोटं कार्ड पुण्याहून मिळतं, ते मी मागवलंही आहे, पण त्याला आठवडा लागणार. मे महिना सरत आलाय, दुकानदार बियाण्यासाठी दारात उभे आहेत, आठवडा कोण थांबणार? "तुमच्याकडं एखादी जुनी, बारकी असंलच की मॅडम," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही कायबी फेकत न्हाई, समद्या जालन्याला माहीत हाये." आणि मी विचार न करता हो म्हणून बसले. हो म्हटल्यावर लक्षात आलं, की तशी चालू स्थितीतली माझ्याकडे एकच आहे, आणि ती तुझी आहे.

माझ्या नवऱ्याला यात काही अडचणच दिसत नाही. "डेटा काढून ठेवलायस ना? मग अडलंय कुठं?" डेटा मी कधीचाच काढून ठेवला आहे. लॉटच्या याद्या, उगवणीचे आकडे, कुठल्या गोदामात किती गोण्या. ज्या कंपनीचं ते सगळं आहे तीच उरली नाही. पण त्या मशीनच्या प्रोग्रॅमला सी आणि डी असे दोन्ही भाग लागतात, दोन्ही कोरे, आणि डी कोरी करायची म्हणजे तिच्यावरचं नाव जाणार. तसं ते नाव मी दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर टाकू शकते. पण मग ते मी लिहिलेलं होईल. नवऱ्याला हे समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, "तू तर माझं नाव दिवसातून पन्नास वेळा घेतेस, आणि तेही ओरडून." खरं आहे. आमचं आम्हाला काही वाटत नाही. अवघड तुमचंच होतं.

तू भाग म्हणायची नाहीस, खण म्हणायचीस. कपाटाला असतात तसे. इंजिनिअर लोक पार्टिशन म्हणायचे, पण पार्टिशन म्हटलं की ऑफिसातल्या सगळ्यांना प्लायवूडचा आडोसाच आठवायचा. मला ते ऑफिस अजून दिसतं. पत्र्याच्या शेडचा एक कोपरा, आणि बियाण्याला लावायच्या औषधाचा गुलाबी रंग सगळीकडे, तुझ्या पदराला, खुर्चीच्या हातांना, की-बोर्डच्या कडांना. तू हसनाबादकडची, दहावी झालेली, लग्नानंतर टायपिंग शिकलेली. टायपिंग येतं एवढ्या एका गोष्टीवर तुला कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. एक दिवस मालकांनी चार जीबीची नवी डिस्क आणली आणि ती लावायला औरंगाबादेहून इंजिनिअर आला. त्या दिवशी मीही तिथे होते, कारण कॉलेजला सुट्टी होती आणि तुझ्या ऑफिसात चांगला पंखा होता. इंजिनिअर म्हणाला, हिचे दोन करावे लागतील, दोन-दोनचे. मालक एकदम सावध झाले. "चार सांगून आणली, अन् दोनच दिसून राह्यली? दुकानदारानं फसवलं का काय?" इंजिनिअर इंग्रजीतून समजावत गेला तसतसा मालकांचा संशय वाढत गेला. शेवटी तू मध्ये पडलीस. "मालक, जागा बराबर चार हाये. पण ह्या सिस्टिमला एका खणात दोनाच्या पुढं मोजताच येत न्हाई. मोजता येत न्हाई ते त्याच्यासाठी न्हाईच. म्हणून दोन खण पाडायचे, बास." मालकांना पटलं. इंजिनिअरनेही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तू खूश होऊन सगळ्यांना चहा सांगितलास.

आणि मग तुम्ही दोघांनी मिळून घोळ घातलात. जुन्या डिस्कला दोन खण होते, सी आणि डी, आणि तुझं सगळं काम डीमध्ये. नवी डिस्क शेजारी लावली की तिचे दोन खण ओळीने ई आणि एफ होणार, असं इंजिनिअरने धरलं. "ई, एफ नवे ना मॅडम?" त्याने विचारलं आणि तू मान डोलावलीस. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण त्या सिस्टिमची रीत मुलखावेगळी. ती आधी प्रत्येक डिस्कचा पहिला खण मोजायची आणि उरलेल्यांना मग अक्षरं वाटायची. त्यामुळे नवीचा पहिला खण पुढे घुसून डी झाला, आणि तुझी जुनी डी मागे सरकून ई झाली. ई पुसली गेली. अख्ख्या हंगामाचं काम त्यात होतं. इंजिनिअर घाम पुसत उभा राहिला, मग संध्याकाळच्या बसने निघून गेला. तू कुठे जाणार? मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला इचारलं व्हतं ना त्यानं? मंग मान कशाला हलवली?" मला मालकांचा इतका राग आला होता की आजही एमआयडीसीत त्या शेडवरून गाडी जाते तेव्हा मी तिकडे बघत नाही. घरी येऊन तू बाबांना फक्त एवढंच म्हणालीस, "ऐकलं का, थोडे दिवस मला यायला उशीर होईल." आणि कितीतरी दिवस कागदांवरून सगळं पुन्हा भरत राहिलीस, या नव्या डिस्कवर.

ते काम संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी घराची किल्ली घ्यायला तुझ्याकडे येते. तू पाठमोरी बसली आहेस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आहेत, डी ड्राइव्हचं नाव अमुक आहे असं सांगणारी एक ओळ, आणि मी ते नाव मोठ्याने वाचायला लागते. पहिली दोन अक्षरं तोंडातून निघतात न निघतात तोच तू झटकन वळून माझ्या तोंडावर हात ठेवतेस. त्या औषधाचा उग्र वास. "गप! बापाचं नाव घेतीस? अन् तेबी माझ्यासमोर?" मला हसू फुटलं. म्हटलं, "अगं, लिहिलंयस तू!" तू पदराने पडदा पुसल्यासारखं केलंस आणि म्हणालीस, "लिव्हलंय. घेतलं न्हाई." मग हळू आवाजात सांगितलंस. डिस्कला नाव दिलेलं असलं, की पुसायच्या आधी सिस्टिम ते नाव विचारते. बरोबर लिहिल्याशिवाय पुढे जातच नाही. "दुसरं कायबी नाव ठेवलं असतं तर बोटं सवयीनं लिव्हून मोकळी झाली असती. ह्या नावापाशी माझी बोटं थांबतेत. एकदा मान हलवली ती हलवली, आता न्हाई." मी म्हटलं, "बाबांना सांगते ना. खूश होतील." तुझा चेहरा एकदम लाल झाला. "काई नको. शपथ हाये तुला माझी." आणि तू तो पडदा साफ केलास. पूर्ण नाव त्या दिवशी मी वाचलंच नाही, आणि नंतर कधी मुद्दाम बघायलाही गेले नाही.

घरात सगळ्यांनाच तुझी ही तऱ्हा ठाऊक होती. कुठलाही फॉर्म आला आणि मधलं नाव भरायची वेळ आली की तू पेन माझ्या हातात द्यायचीस. दवाखान्यात शेवटी भरती झालीस तेव्हा नर्सने विचारलं, नवऱ्याचं नाव काय, तर तेवढ्या तापातही तू माझ्याकडे बोट केलंस. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हटून बसल्या की तुला नेमका चहा उतू जाताना दिसायचा. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तुझ्या आईने तुझ्या डोक्यात घातलं होतं ना? मग तुझा उपाय चांगलाच लागू पडला म्हणायचा. बाबा ऐंशीच्या घरात आहेत आणि दात सोडले तर सगळं शाबूत आहे. दात आणि कान. मिलमध्ये लोखंडाच्या सळ्या ओढता ओढता कान गेले ते गेलेच. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला सांगायचं.

आणि गंमत बघ, त्यांना एकच गोष्ट लागून राहिली आहे. आधी कधी बोलायचे नाहीत. आता वय झाल्यावर कुणापाशीही बोलतात, केस कापणाऱ्यापाशी, दुकानात प्रिंटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकापाशी. "हिची माय लई गुणाची. एका पैची कटकट न्हाई. पण नाव न्हाई घेतलं कधी. समद्या बाया उखाण्यात तरी घेतात." वाटूरच्या भाऊबंदांपासून मिलमधल्या मुकादमापर्यंत सगळं जग त्यांना नावापुढे राव लावून हाक मारत आलं, आणि तू आयुष्यभर 'ऐकलं का' म्हणत राहिलीस. एकदा मी चिडून ओरडले, अहो बाबा, तुमचं आयुष्य वाढावं म्हणूनच ती घेत नव्हती. तर म्हणाले, "मंग काय करू एवढ्या आयुष्याचं? दोन वर्सं कमी झाली असती तरी चाललं असतं." दर वेळी ते हे बोलायला लागले की मी उठून आत जाते. कारण मला माहीत आहे की ते नाव कुठे आहे, आणि तुझी शपथ आहे. माणूस गेल्यावर शपथ सुटते का गं? का घालणाराच नाही म्हटल्यावर ती जास्तच घट्ट बसते? तुझा मला रागच येतो. लाजायचं होतं तर लिहायचं कशाला, आणि लिहायचं होतं तर एकदा त्या माणसाला दाखवायला काय झालं होतं? मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुला माहीत आहे. तरी जिवंत माणसाचं नाव पुसायचं म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर मी काही कारण नसताना बाहेर जाऊन त्यांना विचारलं, पाणी हवंय का? त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मलाही हात केला.

तपासणी संपली आई. खरं सांगू, मनातून वाटत होतं की खराब निघावी. एवढी जुनी डिस्क, कुठे ना कुठे घासलेली असणारच, मग मॅनेजरला हात जोडून सांगता आलं असतं. पण एकही चौकोन लाल झाला नाही. तू जपून वापरलीस, मी कापडात गुंडाळून ठेवली, आणि ती आता सगळ्या जालन्यात उठून कामाला लागायला तयार असलेली एकटीच. पुन्हा फोन आला. या वेळी मॅनेजरने एका बाईच्याच हातात दिला. "ताई, सकाळपासून बसून राह्यलो आम्ही. आज काम न्हाई झालं तर उद्यापासून येऊ नका म्हणतेत." मी म्हटलं, येते, दुपारपर्यंत घेऊन येते. फोन ठेवला. आता लिहिणं थांबवते.

आता दिवस मावळतीला लागला आहे आणि मी घरी आहे. काय झालं ते सांगते, आणि मध्ये थांबवू नकोस. फोन ठेवल्यावर मी त्या काळ्या पडद्यावर डीचं नाव विचारलं. ओळ आली. या वेळी तोंडावर हात ठेवायला कुणी नव्हतं, मी शेवटपर्यंत वाचली. मग बाहेर गेले आणि बाबांना दंडाला धरून आत आणलं. "काय झालं? लाईट गेली का?" ते विचारत होते. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं, चष्मा दिला, ओळीवर बोट ठेवलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की हे आईने लिहिलंय, कंपनीत असताना, तुमचं नाव आहे हे. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही. ते त्या ओळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा ओळीकडे. मी सगळं सांगितलं. घोळ कसा झाला, तू नाव का ठेवलंस, शपथ कशी घातलीस. अर्धं त्यांना ऐकू आलं, अर्धं मी दोनदा सांगितलं. "मंग वाच की," ते म्हणाले. आणि माझं तोंडच उघडेना. नवऱ्याच्या नावाने दिवसभर खडे फोडणारी मी, पण बापाचं नाव बापासमोर? मी वाचलं, आणि वाचताना सवयीने पुढे राव लावलं.

त्यांचा चेहरा उतरला. "राव? राव लावलं तिनं?" मी काही बोलायच्या आधीच ते खुर्चीतून उठायला लागले. "राव तर मुकादम बी म्हणायचा. लिव्हलं असंल कंपनीसाठी." ते दाराकडे निघाले, आणि आई, मला ते बघवलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "न्हाई बाबा, थांबा. राव मी लावलं. तिनं न्हाई लावलं. नुसतं नाव हाये." ते थांबले. "नुसतं?" "हो. नुसतं." "मंग जसं लिव्हलंय तसं वाच. बराबर वाच." मग मी त्यांच्याकडे न बघता, पडद्याकडे बघून, तू लिहिलंस तसं त्यांचं नाव मोठ्याने घेतलं. नुसतं. हळू घेऊन चालणारच नव्हतं, एवढ्या जोरात घेतलं की शेजारचा शिंपी मशीन थांबवून डोकावून गेला. आणि बाबा म्हणाले, "ओ."

कुणी घरातून हाक मारल्यावर अंगणातून द्यावी तशी ओ. त्यांनी ती मला दिली नव्हती हे मला कळत होतं. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी हे लिहिलेले कागद उगाच सरळ करत बसले. मग तेच म्हणाले, "बाया बसून हायेत म्हणलीस ना? पुस मंग जल्दी." मी पुसायची आज्ञा दिली. सिस्टिमने नाव विचारलं, तू म्हणाली होतीस अगदी तसंच, आणि माझी बोटंही तिथे थांबली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी लिहिलं. टक्के वर चढत गेले, ते आकडे बघत उभे राहिले, जत्रेत पाळणा बघावा तसे. "गेलं?" त्यांनी विचारलं. गेलं, मी मान हलवून सांगितलं. "जाऊ दे. ऐकू आलं मला," म्हणाले, आणि बाहेर जाऊन पुन्हा खुर्चीत बसले.

डिस्क घेऊन मी एमआयडीसीत गेले. तो म्हातारा कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला, सी दिसली, डी दिसली, आणि पिशव्या भरायला लागल्यावर बायकांनी चहाचे ग्लास ठेवून कामाला हात घातला. फोनवर बोलली ती बाई कोण ते मी विचारलं नाही. मॅनेजर म्हणाला, आता चालंल ना मॅडम दोन-चार वर्षं? मी म्हटलं, चालेल तेवढी चालेल. पुण्याहून मागवलेलं कार्ड आलं की तुझी डिस्क परत घेऊन येणार आहे, पण तिच्यावर आता दुसऱ्याच कुणाचं तरी काम असेल.

घरी आले तर बाबा चहात बिस्किट बुडवत बसले होते, आणि आज बिस्किट तुटून चहात पडलं तरी त्यांनी कटकट केली नाही. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि अगदी हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, विचारलं, "राव का न्हाई लावलं असंल तिनं?" तोंडावर असं काही हसू होतं, की मी त्या माणसाला इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "काय माहीत बाबा. तिलाच ठाऊक." हे सगळं तुला लिहिलं तरी हे कागद कुठल्या पेटीत टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. मला माहीत होतं. तुझ्या त्या सिस्टिममध्ये डिस्कच्या नावाला अकरा इंग्रजी अक्षरांपुरतीच जागा असायची. बाबांच्या नावाला नऊ लागतात, राव जोडलं की बारा. तू आधी पूर्णच लिहून बघितलं असशील, शेवटचं एक अक्षर काही केल्या बसलं नसेल. मधला एखादा ए गाळून बसवता आलं असतं. फाइलींना नावं देताना असली काटछाट तू रोज करायचीस, त्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. या एका नावात ती का केली नाहीस, यावर मी गाडी चालवत घरी येईपर्यंत विचार करत होते आणि अजून करते आहे. पण तिथे जागाच नव्हती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.